विंडसरमधली बिअर आणि डेट्रॉइटचा दंड

“शंभर डॉलरचा तर प्रश्न आहे. भरून टाका आणि विषय संपवा.” डेट्रॉइटच्या आसपास, नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा गावांत राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की तो चुकीचा असू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. देणारे सगळे सज्जन असतात. मुलाचं भलं व्हावं, घराची अब्रू राहावी, कोर्टाची पायरी चढावी लागू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. तरीही हा सल्ला मला मान्य नाही. तो कायद्याला धरून नाही आणि त्यात मुलाचं नुकसान आहे.

कुठल्या प्रसंगाबद्दल बोलतो आहे ते आधी सांगतो. डेट्रॉइट आणि विंडसर या दोन शहरांमध्ये फक्त एक नदी आहे. 1929 साली पूल झाला, 1930 साली नदीखालून बोगदा झाला, आणि तेव्हापासून अलीकडची माणसं संध्याकाळी जेवायला पलीकडे जातात आणि रात्री परत येतात. अलीकडे मिशिगन आहे, तिथे मद्यपानासाठी 21 वर्षं पूर्ण लागतात. पलीकडे ऑन्टारिओ आहे, तिथे 19 पुरतात. वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी विंडसरच्या रेस्टॉरंटमध्ये ओळखपत्र दाखवून, बिल भरून दोन बिअर पितात. गाडी न प्यायलेला मित्र चालवतो. परत आल्यावर डेट्रॉइटमध्ये कुठेतरी पोलीस थांबवतो, वास येतो, फुंकायला सांगतो, आणि हातात तिकीट पडतं: वय कमी असताना शरीरात मद्य.

या मुलाने गुन्हा कुठे केला? विंडसरमध्ये तर केला नाही, कारण तिथल्या कायद्याने त्याला परवानगी होती. डेट्रॉइटमध्ये त्याने एक थेंबही विकत घेतला नाही, हातात धरला नाही, तोंडाला लावला नाही. तो फक्त घरी परत आला.

आता त्या शंभर डॉलरचा हिशेब पाहू. 2018 पासून मिशिगनमध्ये पहिल्या वेळचा हा अपराध फौजदारी राहिलेला नाही. तो दिवाणी स्वरूपाचा आहे आणि दंड जास्तीत जास्त 100 डॉलर. इतपत ऐकून लोक निश्चिंत होतात. पण तिकीट भरणं म्हणजे नुसते पैसे देणं नसतं, ती जबाबदारीची कबुली असते आणि ती नोंदली जाते. पुढे वर्षभरात हाच मुलगा वसतिगृहातल्या एखाद्या पार्टीत हातात ग्लास घेऊन सापडला, तर ती त्याची दुसरी वेळ धरली जाते. दुसरी वेळ फौजदारी असते. तिथे दंड 200 डॉलरपर्यंत जातो, आणि न्यायालयाने घातलेल्या अटी मोडल्या तर 30 दिवसांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हणजे विंडसरमधल्या कायदेशीर संध्याकाळमुळे या मुलाची पहिली पायरी वापरून झाली, आणि ती त्याने स्वतःच्या सहीने वापरली.

आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या नागरिकत्वाचा एन-400 हा अर्ज ज्यांनी भरला आहे त्यांना आठवेल, त्यात फक्त अटकेबद्दल विचारत नाहीत. पोलिसांनी कधी तिकीट दिलं आहे का, असंही विचारतात. दिलं असेल तर ते लिहावं लागतं आणि त्याचा निकाल काय लागला तेही सांगावं लागतं. “जबाबदार ठरवले” आणि “जबाबदार नाही” या दोन निकालांतला फरक मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला समजतो. एवढ्याशा तिकिटावरून कुणाचं नागरिकत्व नाकारलं जाईल, अशी भीती मी घालत नाही. पण जी चूक मुलाने केलीच नाही ती आयुष्यभर प्रत्येक अर्जात “हो” म्हणून लिहायला लावणं, हे त्याचं भलं करणं कसं होईल?

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. “कायदा म्हणजे कायदा. परक्या देशात पाहुणे म्हणून राहतो आपण. जे लिहिलंय ते पाळायचं.” मी याच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त माझी विनंती एवढीच आहे की जे लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचावं. मिशिगनच्या मद्य नियंत्रण कायद्याच्या ज्या कलमाखाली हे तिकीट दिलं जातं, त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की मुलाने ते मद्य जिथे पिणं कायदेशीर आहे अशा ठिकाणी प्यायलं असेल, तर तो त्याचा बचाव आहे. ही कुणा हुशार वकिलाने शोधलेली पळवाट नाही. कायदेमंडळाने ती ओळ स्वतः लिहिली आहे. ती वापरणारा मुलगा कायदा पाळतो आहे, आणि ती न वापरता दंड भरणारा पालक कायद्याचा अर्धा भाग दुर्लक्षित करतो आहे.

ती ओळ तिथे आली कशी, हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी मिशिगनच्या कायद्यात एकवीसच्या आतल्या व्यक्तीने मद्य विकत घेणं, पिणं आणि बाळगणं यांनाच मनाई होती. राज्याच्या घटनेतही एवढंच आहे: 1978 साली मतदारांनी सार्वमताने जी तरतूद घटनेत घातली, ती मद्य विकण्याबद्दल, देण्याबद्दल आणि पिण्यासाठी बाळगण्याबद्दल बोलते. मग कॅनडातून पिऊन आलेल्या एका तरुणाचा खटला अपील न्यायालयापुढे गेला. 2002 साली न्यायालयाने म्हटलं की कॅनडात कायदेशीरपणे घेतलेलं मद्य पोटात असणं म्हणजे मिशिगनमध्ये मद्य बाळगणं नव्हे. निकाल सरकारच्या विरोधात गेला. दोनच वर्षांत, 2004 मध्ये, कायदेमंडळाने कलम बदललं आणि “शरीरात कोणत्याही प्रमाणात मद्य असणे” हा नवा अपराध त्यात घातला. रक्तात 0.02 किंवा त्याहून अधिक, किंवा पिण्यामुळे शरीरात राहिलेला कोणताही अंश. फक्त धार्मिक विधीतली वाइन वगळली. पण असं करताना त्यांच्याही लक्षात आलं असणार की एकदा शरीरालाच पुरावा आणि शरीरालाच गुन्हा ठरवलं, की सीमेपलीकडे कायदेशीर वागलेला माणूसही त्यात सापडतो. म्हणून त्याच कलमात बचावाची ती ओळ आली.

हे वाचताना मला मुंबईची आठवण होते, कारण अगदी हाच प्रवास आपल्याकडे अर्धशतक आधी झाला आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मुंबईच्या एका माणसावर खटला झाला. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्याचं म्हणणं होतं की त्याने अल्कोहोल असलेलं टॉनिक, म्हणजे औषध, घेतलं होतं, आणि औषधाला कायद्याची मनाई नव्हती. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. वास येतो एवढ्यावरून मनाई असलेली दारूच प्यायली असं ठरत नाही, ते सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. त्यावर मुंबई सरकारने काय केलं? 1959 साली कायद्यात दुरुस्ती करून रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण ठरवून दिलं, शंभरात 0.05. तेवढं सापडलं की आपण घेतलेली दारू मनाईतली नव्हती हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर आलं. पण तिथेही दार पूर्ण बंद केलं नाही. औषध घेतलं होतं, हे दाखवण्याची संधी ठेवली.

1954 आणि 1959, 2002 आणि 2004. सरकारला कृती सिद्ध करणं अवघड गेलं की ते शरीराकडे वळतं. कुणी काय केलं हे शोधण्यापेक्षा कुणाच्या रक्तात काय आहे हे मोजणं सोपं. पोलिसाच्या दृष्टीने ते सोयीचं आहे हे मला कळतं. पण असा कायदा न्याय्य राहतो तो केवळ त्या ठेवलेल्या दारामुळे. ते दार कुणी वापरलंच नाही, सगळ्यांनी शंभर डॉलर भरून मान खाली घातली, तर कायद्यातली ती ओळ कागदावरच राहील, आणि पुढच्या एखाद्या वीसवर्षीय पोरालाही पोलीस तितक्याच निर्धास्तपणे तिकीट फाडून देईल.

“पण बाबा रे, सीमा ओलांडलीस की इथला कायदा लागू होतो ना?” होतो. इथे केलेल्या गोष्टींना लागू होतो. पणजीत बिअर पिऊन एकोणीस वर्षांचा मुलगा बसने सावंतवाडीला परतला, तर त्याने सावंतवाडीत बिअर प्यायली असं आपण म्हणत नाही. गोव्यात वय 18 आहे, महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25. त्या मुलाने सावंतवाडीच्या स्टँडवर गोंधळ घातला तर तो वेगळा गुन्हा, आणि त्याची शिक्षा त्याला झालीच पाहिजे. पण पणजीतली बिअर पत्रादेवीचा नाका ओलांडताना महाराष्ट्रातली बिअर होत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली व्हर्जिनिया राज्याच्या एका प्रकरणात हेच तत्त्व मांडलं होतं. न्यूयॉर्कमध्ये कायदेशीर असलेल्या गर्भपाताच्या सेवेची जाहिरात व्हर्जिनियातल्या एका वृत्तपत्राने छापली म्हणून संपादकावर खटला भरला होता. न्यायालयाने म्हटलं की आपले रहिवासी दुसऱ्या राज्यात जातात आणि त्याचा त्यांच्या आरोग्याशी संबंध आहे, एवढ्या कारणाने एका राज्याला दुसऱ्या राज्याच्या कारभारावर हक्क मिळत नाही. ते प्रकरण वृत्तपत्रस्वातंत्र्याचं होतं, मद्याचं नव्हतं, हे मी विसरत नाही. पण विचार तोच आहे, आणि कॅनडा तर मिशिगनचा शेजारी देश आहे, शेजारी राज्यही नाही.

इथे कुणी म्हणेल, एकवीसचा कायदा तर वॉशिंग्टनने केला आहे, साऱ्या देशाचा आहे. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की थोडं थांबून तो दूर करायला हवा. 1984 साली रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने कुणालाही मद्य पिण्याची मनाई केली नाही. त्याने राज्यांना सांगितलं की एकवीसच्या आतल्यांना मद्य विकत घेऊ दिलं किंवा सार्वजनिक ठिकाणी बाळगू दिलं, तर रस्त्यांसाठी मिळणाऱ्या संघीय निधीचा काही भाग कापला जाईल. दक्षिण डकोटाने हे आव्हान न्यायालयात नेलं. तिथे एकोणीस वर्षांच्यांना सौम्य बिअर विकत घेता येत होती. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. पण केंद्राला तो मिळाला निधी अडवण्याच्या अधिकाराबद्दल. मद्यपान हा देशभराचा गुन्हा आहे, असं त्यातून कधीच ठरलं नाही.

उलट, सीमेजवळ वेगळं वय असू शकतं हे संसदेने स्वतः मान्य केलं आहे. लष्करी तळांवर मद्यपानाचं वय साधारणपणे त्या राज्याचंच असतं. पण तळ मेक्सिको किंवा कॅनडाच्या सीमेपासून 50 मैलांच्या आत असेल, तर तिथे सीमेपलीकडचं कमी वय लागू करण्याची मुभा संघीय कायद्यातच दिली आहे. सैनिकाच्या बाबतीत जे संसदेला समजतं, ते विंडसरहून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत डेट्रॉइटच्या पोलिसाला समजायला हरकत काय?

राज्याराज्यांत फरक किती आहे तेही पाहावं. न्यूयॉर्कच्या कायद्यात एकवीसच्या आतल्या व्यक्तीने पिण्याच्या हेतूने मद्य बाळगणं हा अपराध आहे. शरीरात मद्य असणं हा नाही. म्हणजे तोच वीस वर्षांचा मुलगा नायगरा धबधब्याच्या कॅनडाच्या बाजूला दोन बिअर पिऊन पुलावरून न्यूयॉर्क राज्यात आला तर निर्धास्त, आणि विंडसरहून मिशिगनमध्ये आला तर तिकीट. दोन्ही ठिकाणी पलीकडे तेच ऑन्टारिओ.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. त्याला मी घाईने उत्तर देणार नाही, कारण त्यामागे माणसं मेलेली आहेत.

1970 च्या दशकात मतदानाचं वय अठरावर आल्यानंतर अनेक राज्यांनी मद्यपानाचं वयही कमी केलं. मिशिगनने 1972 साली ते 18 केलं होतं. शेजारच्या राज्यांची वयं वेगवेगळी असल्यामुळे मुलं गाडी काढून कमी वयाच्या राज्यात जायची, प्यायची आणि तशीच गाडी चालवत परत यायची. त्या सीमांना लोक रक्ताच्या सीमा म्हणू लागले. मुलं गमावलेल्या आयांनी चळवळ उभारली, आणि 1984 चा कायदा बराचसा त्या चळवळीतून आला. वय 21 केल्यामुळे हजारो जीव वाचले, असा संघीय वाहतूक सुरक्षा विभागाचा अंदाज आहे. त्याच्याशी मला भांडायचं नाही. रात्री उशिरा फोन वाजला की काळजात धस्स होतं, ते प्रत्येक पालकाला माहीत असतं.

पण नीट पाहा, ती मुलं कशामुळे मेली? पिऊन गाडी चालवल्यामुळे. आणि त्यासाठी स्वतंत्र, कडक कायदा आहे. एकवीसच्या आतला कुणीही 0.02 इतकं मद्य शरीरात असताना गाडी चालवत असेल, तर तो दोषी आहे. ते मद्य विंडसरमध्ये प्यायलं, आईच्या समोर प्यायलं की चंद्रावर प्यायलं, याने काही फरक पडत नाही. 1995 सालच्या संघीय कायद्याने सगळ्या राज्यांना असा नियम करायला भाग पाडलं. त्या कायद्याच्या बाजूने मी पूर्ण ताकदीने उभा आहे. त्यातून कुणाला सूट मिळावी असं मला वाटत नाही.

माझा प्रश्न मागच्या सीटवर बसलेल्या मुलाचा आहे. आपण मुलांना वर्षानुवर्षं काय शिकवतो? प्यायलास तर गाडी चालवू नकोस, न प्यायलेल्या मित्राबरोबर ये, नाहीतर फोन कर, आम्ही येतो. या मुलाने तेच केलं. परवानगी असलेल्या ठिकाणी प्यायला, स्टीअरिंगला हात लावला नाही, शांतपणे घरी आला. त्याला आपण शिक्षा करतो, तेव्हा त्याला कळतं की काळजी घेतली काय आणि नाही घेतली काय, सापडलं की सारखंच. रक्ताच्या सीमांवर मेलेल्या मुलांच्या नावाने अशी शिक्षा देणं त्या मुलांना न्याय देत नाही.

मिशिगनच्या कायदेमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या संदर्भात उमगलेली आहे. 2012 पासून कायदा असा आहे की मित्राला जास्त झाली म्हणून रुग्णवाहिका बोलावणाऱ्या किंवा स्वतः मदत मागणाऱ्या अल्पवयीनावर या कलमाखाली कारवाई होत नाही. तिकीट फाडण्यापेक्षा मूल जिवंत राहणं महत्त्वाचं, हे तिथे मान्य केलं. मग न प्यायलेल्या मित्राच्या गाडीतून परत येण्याचं शहाणपणही त्याच नजरेने बघायला काय अडचण आहे?

“असं म्हटलं तर प्रत्येक जण सांगेल, मी विंडसरमध्ये प्यायलो.” ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच कायद्याने बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी मुलावर टाकली आहे. नुसतं म्हणून चालत नाही. जो अॅन आर्बरच्या वसतिगृहात प्यायला आणि विंडसरचं नाव सांगतो, त्याच्यासाठी मी हा लेख लिहिलेला नाही. त्याने न्यायाधीशापुढे खोटं बोलू नये. ज्याचं वय अठरा आहे त्यालाही हा बचाव नाही, कारण ऑन्टारिओत 19 लागतात. ज्याने येताना बाटली आणली त्यालाही नाही. बाटली बाळगणं मिशिगनमध्येच घडतं. खरोखर पलीकडे कायदेशीर प्यायलेल्या मुलाकडे मात्र पुरावा असतोच. रेस्टॉरंटचं बिल, कार्डाचा व्यवहार, बोगद्याच्या टोलची पावती, फोनमधली ठिकाणांची नोंद, सोबत असलेल्या मित्राची साक्ष. सीमा ओलांडताना अधिकाऱ्याने तपासलेलं ओळखपत्र. पुरावा तपासणं हे न्यायालयाचं काम आहे, आणि ते करायला न्यायालय समर्थ आहे. काही लोक खोटं बोलतील या भीतीने खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं, हे मला पटत नाही.

आणि त्या फुंकण्याच्या यंत्राबद्दल दोन शब्द. ते किती आहे ते सांगतं, कुठे आणि कधी ते सांगत नाही. शरीर तासाला साधारण 0.015 इतकं मद्य रिचवतं. त्यामुळे दोन बिअर घेऊन जेवून निघालेल्या माणसात सीमा ओलांडल्यावरही काही अंश राहणारच. शिवाय फुंकणं सक्तीचं आहे, असं पोलीस भासवतो तेव्हा मुलं घाबरून फुंकतात. 2007 साली पूर्व मिशिगनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने सांगितलं की गाडी न चालवणाऱ्या अल्पवयीनाला वॉरंटशिवाय, नकार दिल्यास दंड अशी धमकी देऊन फुंकायला लावणं घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या विरुद्ध आहे. आता राज्याच्या कायद्यातच लिहिलं आहे की पोलीस विनंती करू शकतो, आणि मुलाने संमती दिली नाही तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय चाचणी घेता येत नाही. हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. पोलिसाशी उद्धटपणे वागायचं नाही, आवाज चढवायचा नाही, खोटं सांगायचं नाही. पण “मी संमती देत नाही” हे शांतपणे म्हणण्याचा हक्क त्यांना आहे. गाडी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला वेगळे नियम लागतात.

शेवटचा आक्षेप घरातला असतो आणि तोच सगळ्यांत जास्त मुलांना गप्प करतो. “मुळात प्यायलाच कशाला गेला? आपल्या घरात हे चालत नाही. आता भोगू दे.” आई-बाबांनो, तुमच्या घरात दारू चालत नसेल तर ते मुलाला स्पष्ट सांगा. रागवा, दोन दिवस बोलू नका, गाडीची किल्ली काढून घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि मी त्यात पडत नाही. पण तुमची नाराजी सरकारच्या हातात देऊ नका. घरातली चूक आणि कायद्यातला अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या रागाची भरपाई म्हणून मुलाच्या नावावर खोटी कबुली चढू देणं हे वडीलधाऱ्यांचं काम नाही. उलट, खरं बोलून, पुरावा मांडून, नम्रपणे न्यायाधीशापुढे उभं राहायला तो यातून शिकेल. असं शिक्षण शंभर डॉलर भरून मिळत नाही.

आणि परक्या देशात पाहुणे म्हणून राहण्याबद्दल. ज्या मुलांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यातली अनेक इथेच जन्मली आहेत. ती पाहुणी नाहीत. नागरिकाने सरकारला “तुमचं म्हणणं चुकतंय” असं न्यायालयात सांगणं हा या देशाच्या कारभाराचा रोजचा भाग आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेली जी मुलं इथली नाहीत, त्यांच्यासाठी तर जबाबदार नसल्याचा निकाल अधिकच मोलाचा आहे, कारण व्हिसाच्या खिडकीसमोर त्यांच्या कागदांकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं.

तेव्हा तिकीट आलं तर ते वाचा. उत्तर देण्याची मुदत त्यावरच छापलेली असते. ती चुकवू नका, चुकली तर न्यायालय तुमच्या गैरहजेरीतच निर्णय देतं. पुरावे लगेच गोळा करा, कारण रेस्टॉरंटची कॅमेऱ्याची नोंद आणि मित्राची आठवण दोन्ही टिकत नाहीत. अनौपचारिक सुनावणी मॅजिस्ट्रेटसमोर होते आणि तिथे वकील नसतो. औपचारिक सुनावणी न्यायाधीशासमोर होते आणि तिथे वकील नेता येतो. कायद्यातला हा बचाव मांडायचा असेल तर मी औपचारिक सुनावणी मागेन आणि स्थानिक फौजदारी वकिलाचा एक तास विकत घेईन. त्याला शंभर डॉलरहून जास्त लागतील, हे खरं आहे. तरीही मी ते देईन. आणि कबुलीच्या रकान्यात खूण करण्याआधी मुलाला एकच विचारा: “कुठे प्यायलास?” उत्तर विंडसर असेल, वय एकोणीस किंवा त्याहून अधिक असेल आणि ते खरं असेल, तर जबाबदारी नाकारणाऱ्या रकान्यात खूण करा आणि त्याच्याबरोबर कोर्टात जा.